आजीचं सुख आणि बाबासाहेबांचा सवाल

माझी आजी ख्रिस्ती होती. आईची आई. हे वाक्य मी चळवळीत कितीतरी वर्षं कुठं बोललो नाही. नागसेनवनात शिकत होतो तेव्हा नाही, नामांतराच्या मोर्चात घसा फोडत होतो तेव्हाही नाही. कुणी विचारलं तर सांगायचो, आजोळ जालन्याकडचं. बस्स, एवढंच. कारण वसतिगृहात आम्ही पोरं मिशनवाल्यांची टिंगल करायचो. 'दुधाच्या भुकटीवर बाटलेले' म्हणायचो. सगळ्यांत मोठ्यानं हसणारा मी असायचो.

मागे एका अभ्यास शिबिरात एक तरणा कार्यकर्ता ताडकन बोलला, "ख्रिस्ती झालेले आपले लोक पळपुटे. लढायचं सोडून देवळात सुख शोधत बसले." पोरगा प्रामाणिक होता. तरी मी गप्प बसलो आणि रात्रभर मला झोप लागली नाही. म्हणून दोस्तांनो, हे लिहितोय. यात इतिहास आहे, आणि माझ्या घरातली राखही आहे.

१

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा झाला तो १९८१ साली. आजोळच्या गावात वाड्यावर जमाव आला. मामाच्या दारावर लाकडी क्रूस ठोकलेला होता. आत येशूचं चित्र, आणि त्याच भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. जमावानं क्रूस बघितला नाही की फोटो बघितला नाही. महाराचं घर म्हणून पेटवलं. दगडाला दाखला लागत नाही.

मी चौथ्या दिवशी पोचलो. आजी राखेतून ज्वारी निवडत बसली होती. जळके दाणे एकीकडं, खायजोगे एकीकडं. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई. ओठातल्या ओठात उपासना संगीतातलं काहीतरी म्हणत होती. मामा म्हणाला, "मायनं तोंडं पायलीत. दोघं तर ज्यांच्या घरी ती निंदणी-खुरपणीला जायची त्यांचीच पोरं. पन नाव सांगंना."

मी विचारलं. ती म्हणाली, "म्या त्यांना माफ केलंय."

माझं डोकं सणकलं. कुठूनसे धर्मगुरू येऊन गेले होते. प्रार्थना केली, दोन घोंगड्या दिल्या, आणि कोर्टकचेरीच्या भानगडीत पडू नका असं सांगून गेले. मी आजीवर ओरडलो. काय काय बोललो ते आज लिहवत नाही. शेवटी विचारलं, "ह्या धर्मानं तुला दिलं काय?"

"सुख," ती म्हणाली.

जळक्या घरात बसून ही बाई सुख म्हणते! मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. पण माझा प्रश्न खोटा होता असं आजही वाटत नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात.

२

आपल्या लोकांचं दुःख छापील अक्षरात पहिल्यांदा कुठं आलं? पुण्यात जोतिबांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'ज्ञानोदय' कुणाचं? अमेरिकन मराठी मिशनचं. १८४२ साली अहमदनगरात सुरू झालेलं. मुक्तेचा मुद्दा असा होता की वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आम्हाला धर्मच नाही, आम्ही धर्माविना माणसं आहोत. शाळकरी वयातल्या पोरीनं त्या काळात एवढी सरळ गोष्ट सांगितली. ती छापायला जागा दिली ती पाद्र्यांच्या कागदानं. आणि जोतिबांना मुलींच्या शाळेची कल्पना सुचली तीही नगरला मिस फरार यांची मिशनमधली शाळा बघून. हे आपण विसरायचं नाही. जोतिबा स्वतः मात्र ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला.

त्याच १८७३ साली आपल्या जालन्याकडचा एक माणूस न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत भाषण करत होता. रेव्हरंड नारायण शेषाद्री. मूळचे ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, कोवळं पोर, भावाच्या मागं मिशनात गेला. कोर्टानं त्याला बापाच्या ताब्यात दिलं. मग वाद पेटला की मिशनात जेवलेलं पोर परत जातीत घ्यायचं का. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले तर सनातन्यांनी त्यांच्यावरही डोळे वटारले. ताटातला घास केवढा जड असतो बघा. आपल्याला तर तो घास दुरूनच टाकला जायचा.

या नारायण शेषाद्रींनी पुढं जालन्याजवळ निजाम सरकारकडून जमीन मिळवली आणि ख्रिस्ती झालेल्यांची वस्ती वसवली. नाव ठेवलं बेथेल. हिब्रूत त्याचा अर्थ देवाचं घर. राहायला आलेले बहुतेक मांग-महार. इकडं औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचं ठाणं होतं. तिथं रेव्हरंड रतनजी नौरोजी, पारशी घरातून ख्रिस्ती झालेले, वर्षानुवर्षं राबले. वैजापूर तालुक्यात घोगरगावच्या बाजूला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅथलिक फादर आले. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो मात्र बऱ्याच उशिरा, १९७७ साली.

आणि मग दुष्काळ. १८७६ ते ७८ चा, १८९६-९७ चा, १८९९-१९०० चा. माझ्या पणज्यानं या शेवटच्या दुष्काळात बाप्तिस्मा घेतला. आजी त्यानंतर दुसऱ्या वर्षी जन्मली.

'भाकरीसाठी बाटले' हे बोलणं इथूनच आलं. मी म्हणतो, बरं, भाकरीसाठी. मग? ज्या धर्मानं भाकर दिली नाही, पाणी दिलं नाही, विहिरीची पायरी दिली नाही, त्याला चिकटून उपाशी मरणं हे कुठलं शहाणपण? १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराच्या पोटापाण्याच्या बाजूबद्दल आडपडदा न ठेवता बोलून घेतलं होतं. ते भाषण आपण 'मुक्ती कोन पथे' म्हणून वाचतो. ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांनी दुसऱ्याच्या धर्मांतरातली भाकर मोजू नये. आणि आपण तर मुळीच मोजू नये.

३

पण आजीचं सुख भाकरीचं नव्हतं. मी त्या दिवशी हसलो तेव्हा ती रागावली नाही. निवडता निवडता बोलत राहिली. जसं आठवतंय तसं देतो.

"लेकरा, मह्या बापाला समदं गाव 'ए म्हारा' म्हनायचं. कोनी नाव घेतलं न्हाई. पाद्रीसायबानं पैल्यांदा नाव इचारलं. नाव घेऊन हाक मारली. खांद्यावर हात ठिवला. माझा बाप रडला म्हनं. मंग मला साळंत घातली. मला वाचाया येतंय. ह्या वाड्यात पैल्यांदा वाचाया मला आलं, बाईमानूस असून. ते कोन जाळील? घर जळलं. मला वाचाया येतंय ते न्हाई जळलं."

मी गप्प झालो होतो. पण पटलं नव्हतं.

आज इतिहास वाचताना कळतं की तिनं मोजक्या शब्दांत मिशनचा सगळा जमाखर्च मांडला होता. निजामाच्या राज्यात कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. गावोगाव शाळा नव्हत्याच, आणि होत्या तिथं महाराच्या पोरीला कोण घेणार? तिथं मराठी अक्षर, दवाखान्यात नाडी धरणारा हात, आणि नावानं हाक. या तीन गोष्टी मिशनमधून आल्या. शिवल्यावर विटाळ होत नाही हे पोथी वाचून समजत नसतं. कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा लागतो. ज्याच्या खांद्यावर पिढ्यान् पिढ्या फक्त ओझं आणि काठी पडली, त्याला तो हात आयुष्यभर पुरतो. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या आईलाही पुरला. आई महार घरात लग्न होऊन आली आणि ५६ नंतर बापाबरोबर बौद्ध झाली. पण आम्हाला पाटी धरायला शिकवली ती आजीच्या शाळेतल्या रीतीनं.

४

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर मी मिशनचा भाट ठरेन.

जात बाहेर ठेवून लोक देवळात गेले नाहीत. चपला बाहेर काढल्या, जात पायात ठेवली. माझ्या मामाच्या लेकीला चांगलं स्थळ आलं होतं, पोरगा शिकलेला, ख्रिस्तीच. पण ते मूळचे मांग. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी मोडलं. एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसं सोयरीक करताना मात्र मागची जात शोधतात. दक्षिणेत तर तिरुचिरापल्लीला ख्रिस्ती दफनभूमीतच भिंत घातलेली, अलीकडं वरच्या जातीचे ख्रिस्ती मुडदे, पलीकडं दलित ख्रिस्ती मुडदे. मेल्यावर एका स्वर्गात जाणार, पण मातीत वेगवेगळे!

बाबासाहेबांना हे सगळं ठाऊक होतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि सगळ्या धर्मांचे पुढारी त्यांच्या दाराशी आले. ख्रिस्ती बिशपही आले. बाबासाहेबांनी कुणाला झिडकारलं नाही. त्यांनी अभ्यास केला. १ जानेवारी १९३८ ला ते सोलापुरात ख्रिस्ती मंडळींसमोर बोलले. ते भाषण 'जनता'च्या ५ फेब्रुवारीच्या अंकात आलं. आपल्याला भारून टाकणारी माणसं दोन, बुद्ध आणि ख्रिस्त, असं ते तिथं बोलले. टाळ्या पडल्या असतील. मग त्यांनी आरसा धरला. दक्षिणेत तुमच्या देवळात जात पाळतात. शाळा-कॉलेजं तुमच्याकडं इतकी, पण अन्यायाशी झुंजायला तुम्ही पुढं येत नाही. आमची अडाणी माणसं झुंजतात. असा त्या बोलण्याचा रोख होता.

पुढं त्यांनी हा विषय इंग्रजीत सविस्तर लिहून ठेवला. तो मजकूर सरकारनं १९८९ साली त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात छापला. त्यात त्यांनी नेमकं दुखणं धरलं. मिशननं अस्पृश्याला शिकवलं की तुझी ही दशा तुझ्या पापामुळं झाली. भोवतालच्या समाजरचनेमुळं झाली असं शिकवलं नाही. एकदा ही शिकवण अंगात मुरली की माणूस पाप धूत बसतो, गावच्या पाटलाशी भांडायला उठत नाही.

हे वाचलं तेव्हा मला राखेत बसलेली आजी दिसली. 'म्या माफ केलंय.' बाबासाहेबांनी हे तिच्यावरच लिहिलंय असं वाटलं. तिनं माफ केलं आणि ती दोन पोरं उजळ माथ्यानं गावात फिरत राहिली. फिर्याद झाली नाही. तिचं सुख तिच्यापाशी राहिलं. वाड्याला त्यातलं काही मिळालं नाही. पुन्हा जाळायला आले असते तर त्या सुखानं त्यांचा हात धरला असता का?

हाच बाबासाहेबांचा सवाल आहे असं मी समजतो. धर्मानं एकट्याला सुख दिलं, चांगलं झालं. पण माणसामाणसातलं नातं बदललं का? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी जो धम्म दिला त्यात त्यांनी देव ठेवला नाही, मागच्या जन्माचं कर्म ठेवलं नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या मागून १९५७ साली निघाला. जग दुःखानं भरलंय हे ओळखणं आणि ते दुःख दूर करणं हे धम्माचं काम, असं त्यात त्यांनी पुन्हा पुन्हा मांडलं. दुःखाचं कारण आपल्या पापात शोधण्यापेक्षा ते माणसाच्या वागण्यात शोधायला शिकवलं.

पण अजून एक गोष्ट ध्यानात घ्या. १९५० साली 'महाबोधी' मासिकात लिहिताना त्यांनी म्हटलं की बौद्धांनाही बायबलसारखा एक सुटसुटीत ग्रंथ हवा, आणि भिक्खूंनी ख्रिस्ती मिशनऱ्यांसारखं लोकांमध्ये जाऊन सेवेचं काम करायला हवं. त्याच वर्षी औरंगाबादेत आपलं कॉलेज सुरू झालं. म्हणजे बाबासाहेबांनी मिशनचा देव घेतला नाही, पण खांद्यावरचा हात आणि शाळा घ्यायला ते लाजले नाहीत. आपण मात्र टिंगल तेवढी शिकलो.

५

आता कागदाची गोष्ट. पळपुटे म्हणणाऱ्या पोरानं ही नीट वाचावी.

१० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याचा तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख घातले. आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या कागदावर आपलीही अस्पृश्यता एका रात्रीत नाहीशी झाली! सवर्णांच्या डोळ्यांतली मात्र झाली नाही. १९९० मध्ये बौद्ध त्या आदेशात आले. चौतीस वर्षं आपण त्या दारात उभे होतो. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेले आपले भाऊ अजून तिथंच उभे आहेत.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयात सूसाई नावाच्या माणसाचा खटला निकाली निघाला. मद्रासकडचा, रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा. सरकार अशा कारागिरांना फुकट टपऱ्या देत होतं. त्याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. कोर्टानं म्हटलं, धर्म बदलल्यावरही तेच हाल तितक्याच तीव्रतेनं चालू आहेत हे दाखवा. रस्त्यावर बसून चपला शिवणाऱ्यानं अजून काय दाखवायचं? २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं जातीची सवलत धर्माशी बांधू नका असं सुचवलं. २०२२ मध्ये बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला गेला. कागदावर कागद चढतात.

माझ्या मामाची गत बघा. ७८ साली गावानं त्याला महार म्हणून जाळलं. नंतर तो पोराच्या दाखल्यासाठी कचेरीत गेला तर साहेब म्हणाले, तुम्ही ख्रिस्ती, तुम्ही महार कसे? दंगलीत महार, दाखल्यावर ख्रिस्ती. १९८९ चा अत्याचारविरोधी कायदा आला, पण तोही अनुसूचित जातीच्या माणसासाठी. म्हणजे उद्या पुन्हा तेच घर जळलं तर शेजारच्या बौद्धाला त्या कायद्याचं कलम लागेल, मामाला लागणार नाही. आग मात्र दोघांना सारखीच लागेल.

हिस्सा कमी होईल म्हणून आपले काही पुढारी यावर गप्प बसतात. हिशोब मलाही कळतो, मी भाबडा नाही. मग जागा वाढवून मागा ना. पण जे १९९० पर्यंत आपल्यावर चाललं तेच आज भावावर चालू द्यायचं, हे बाबासाहेबांच्या कुठल्या पानात लिहिलंय?

आणि ख्रिस्ती झालेले सगळेच माफ करून बसले हेही खरं नाही. अरविंद निर्मळ हा आपला मराठी माणूस. १९८१ साली बंगलोरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात त्यानं उभं राहून विचारलं की भारतातली ख्रिस्ती माणसं बहुतेक दलित, मग त्यांचं धर्मशास्त्र ब्राह्मणी विचारानं का चालावं? त्यातून दलित धर्मशास्त्राची चळवळ उभी राहिली. येशू हाच दलित, लाथाडलेल्यांतला, असं ते सांगतात. तुम्हाला-मला त्यातला देव पटणार नाही. न पटो. पण पाप धूत बसायचं सोडून ती माणसं बाबासाहेबांच्या सवालाला भिडली, हे तर खरं?

६

आजी १९८४ साली गेली. जायच्या आधी तिची नजर अधू झाली होती. मी भेटायला गेलो की पुस्तक पुढं करून म्हणायची, "एवढं पान वाचून दाव." मी वाचलं नाही. मी आंबेडकरवादी, मी बायबल कसं वाचू? घरात बाबासाहेबांचा फोटो असलेली बाई, जिच्या हातून माझ्या आईनं अक्षर घेतलं, जिच्या अक्षरावर मी नागसेनवनापर्यंत पोचलो, तिला मी एक पान वाचून दाखवलं नाही. मिलिंदानं प्रश्न विचारावेत आणि नागसेनानं न चिडता उत्तरं द्यावीत, यावरून आपल्या आवाराचं नाव पडलंय. आणि मी आजीशी धड वादही घातला नाही. नुसता हसलो.

त्या राखेच्या दिवशी निघताना ती मला एक बोलली होती. ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण त्याचा अर्थ लागत नव्हता. म्हणाली, "मला भांडाया न्हाई शिकवलं, लेकरा. तुला शिकवलंय. तू भांड."

तिच्या सुखात काय कमी होतं हे तिला माहीत होतं. मला माझ्या लढ्यात काय कमी होतं ते कळायला इतकी वर्षं लागली. खांद्यावर हात ठेवायचा राहून गेला होता.

शिबिरातल्या त्या पोराला माझं एवढंच सांगणं आहे. पुढच्या बैठकीला तुझ्या वस्तीतल्या ख्रिस्ती भावाला बोलव. देवाबद्दल वाद घाल, जरूर घाल, बावीस प्रतिज्ञा विसरू नकोस. पण आधी त्याला नावानं हाक मार. आणि त्याच्या दाखल्यासाठी कचेरीत जायचं ठरेल त्या दिवशी मला कळव. म्हातारा झालोय, पण येईन.

जय भीम.